चालवून घेण्याची किंमत

लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या वाटेनं अख्खी सिस्टिम सोर्सपासून बांधताना एखादं जुनं, वर्षानुवर्षं बिल्ड होणारं पॅकेज अचानक अडतं. कारण? फंक्शन आधी डिक्लेअर न करताच वापरलंय. सी भाषेनं ही सवलत १९९९मध्येच काढली. जीसीसी मात्र फार तर वॉर्निंग द्यायचं. २०२४मध्ये १४व्या आवृत्तीनं तिची थेट एरर केली.

मग दोषी कोण? तेव्हाच्या नियमानं लिहिणारा, की पाव शतक चालवून घेणारे? माझ्या मते दुसरे. असं फंक्शन इंट देतं असं कंपायलर धरून चालतो. ६४ बिटी पॉइंटर अर्धा कापला जाऊ शकतो आणि प्रोग्रॅम भलत्याच्याच मशीनवर कोसळतो.

एक फ्लॅग लावला की एरर गप्प बसते. मी हेडरची एक ओळ घालतो. आपल्या कानाडोळ्याचं बिल बहुतेकदा दुसराच भरतो.