पेटीची जात कुणी विचारली होती?

बसा. खुर्च्या नकोत, सतरंजीवरच बसा, शाळेत बसत होता तसे. एकाचं औषधाचं दुकान आहे, एक सरपंचकीला उभा राहणार म्हणे, आणि तू भजनी मंडळाचा अध्यक्ष. माझ्या लेखी तुम्ही तिघंही अजून गृहपाठ अपुरा ठेवणारीच पोट्टी आहात. चहा नंतर.

आधी सांगा, बारावीतल्या पोराला विठ्ठलापुढे उभं करून, तुळशीच्या माळेवर हात ठेवायला लावून, "मी असलं संगीत पुन्हा ऐकणार नाही" अशी शपथ घ्यायला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? त्याच्या मोबाईलमधली गाणी कुणाच्या हातांनी पुसली गेली? आणि त्याची गिटार मंडळाच्या कपाटात कुलपात का आहे?

"बाई, ती सैतानाची गाणी आहेत." बरं. किती ऐकलीस? एक? अर्धं? टीशर्टावरची कवटी पाहिलीस आणि निकाल लावलास. स्मशानात राहणाऱ्या, कवट्यांची माळ घालणाऱ्या देवाला दर सोमवारी बेल वाहतोस ना रे तू? तिथे कवटी चालते. पोराच्या छातीवर छापलेली दिसली की धर्म बुडतो.

आता मी काय पाहिलं ते ऐका, कारण त्या गुरुवारी मी मागच्या खांबाला टेकून बसले होते. तुमची पेटी काळी एकमध्ये, तुमचे बुवा काळी एकमध्ये. पोरगं गिटार घेऊन आलं. त्यानं पहिल्या पडद्यावर कॅपो चढवला, कान पेटीकडे लावून एकेक तार ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. पेटीचा मधला एक सूर किंचित चढलाय, हे तुमच्यापैकी कुणालाही कधी कळलं नाही. त्याला कळलं. तो सूर आला की तार अलगद दाबून तो त्या चढलेल्या सुराशी जुळवून घेत होता, म्हणजे बुवांची फजिती होऊ नये. याला भजनी मंडळात काय म्हणतात? मी तरी याला सेवा म्हणते. तुम्ही त्याला दुसऱ्याच आठवड्यात उंबऱ्याबाहेर काढलंत, काहून, तर घरी तो 'मेटल' ऐकतो.

गिटार परदेशी, हा तुमचा दुसरा मुद्दा. मग पेटी काय पंढरपूरला उगवली? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबॅं नावाच्या कारागिरानं घेतलं. पायानं भाता मारायचं ते वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवता येईल असं केलं. ते आलं तेव्हा त्यालाही नावं ठेवणारे होते, आणि ते अडाणी नव्हते. रवींद्रनाथांना ते आपल्या गाण्याला घातक वाटायचं. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेप खरा होता, आजही खरा आहे. पण ते लोक सुरांबद्दल बोलत होते. पेटीसमोर बसणाऱ्याला नरकात जाशील, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गोविंदराव टेंब्यांनी ती पेटी गायला लावली आणि आज तिच्याशिवाय तुमची काकडआरती सुरू होत नाही. तिची जात विचारायला तेव्हा तुमचे आजोबा बसले असते, तर आज तुम्ही नुसते टाळ कुटत असता.

आणि चाली? तुमच्या निम्म्या भजनांच्या चाली सिनेमाच्या आहेत. तमाशाला नाकं मुरडणाऱ्यांच्या गावात तमाशातली चाल देवळात येते, तिच्यावर देवाचं नाव चढवलं की ती शुद्ध होते. मला त्यात वावगं वाटत नाही. एकनाथांनी वाघ्या, जोशी, गोंधळी, सगळे रस्त्यावरचे लोक भारुडात आणून देवापुढे उभे केले. फक्त हे लक्षात ठेवून बोला.

तुम्ही कुठल्या गावात बसून बोलताय, तेही ध्यानात घ्या. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला इथे आले, तेव्हा हे शेगाव होतं; टपाल गजानन महाराजांच्या शेगावी जायला लागलं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं, हे तुम्हाला चौथीत पाठ होतं. त्याच १९३६ साली यावलीचे तुकडोजी महाराज इथे येऊन राहिले. हातात काय होतं? खंजिरी. सतार नाही, वीणा नाही. ज्या वाद्याला मैफलीत कुणी ओटीवरही बसू देत नसे, ते चामड्याचं कडं घेऊन त्या माणसानं अख्खा विदर्भ जागा केला. १९४२ साली आष्टी आणि चिमूर पेटलं, तेव्हा सरकारला खंजिरीचा धाक वाटला; महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकलं.

आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी मंत्र आहे. लहानपणापासून म्हणता, कधी विचारलंत तो कुठून आला? जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्षू हातात पंख्यासारखा चपटा ढोल घेऊन, तो वाजवत मंत्र म्हणत चालायचे. त्यांच्यातला एक आश्रमात राहिला. जपान युद्धात उतरला तेव्हा इंग्रजांनी त्याला शत्रूदेशाचा माणूस म्हणून उचललं. माणूस नेला, पण गांधीजींनी मंत्र प्रार्थनेत ठेवला. शत्रूच्या भाषेतला, परक्या धर्माचा, ढोलावरचा मंत्र! गोपुरीच्या विश्वशांती स्तूपापुढे मोबाईलवर फोटो काढता, तो त्याच पंथाचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, गांधीजींना तरी रॉक आवडलं असतं का? नसतं. त्यांना सिनेमाही खपत नसे. आश्रमाचे नियम तर तुमच्या मंडळापेक्षा शंभरपट कडक. पण तिथे माणसं आपणहून येत आणि नियम पत्करून राहत. तुमच्या मंडळात पोरगा वस्तीत जन्मला म्हणून येतो, आईनं पाठवलं म्हणून येतो. आणि एप्रिल १९४७ मधली दिल्ली आठवा. वाल्मीकी वस्तीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयतींना लोकांनी हरकत घेतली. हरकत घेणारे सश्रद्धच होते, धर्म वाचवायलाच उठले होते. गांधीजींनी काय केलं? आयत गाळून बाकीची प्रार्थना उरकली नाही. एकाची जरी हरकत असली तरी सगळी प्रार्थनाच थांबवली. त्या चित्रात तुम्ही कुठे उभे आहात ते तुम्हीच बघा. मला तर हरकत घेणाऱ्यांच्या रांगेत तुमची तोंडं दिसतात.

फॉरवर्ड पाठवलास मला, गाणी उलटी वाजवली की सैतानाचा आवाज येतो म्हणून. दुकानात औषध देताना चिठ्ठी वाचतोस ना? मग हेही वाचायचं होतंस. 'जुडास प्रीस्ट' नावाच्या इंग्लिश बँडवर अमेरिकेत नेवाडाच्या रीनो शहरात खटला चालला. दोन मुलांनी स्वतःवर गोळी झाडली होती. घरच्यांचं म्हणणं, गाण्यात लपवलेल्या आज्ञेमुळे. १९९० साली न्यायाधीशानं सगळं ऐकून घेतलं आणि बँडला दोषी धरलं नाही. तिथे निदान ऐकून तरी घेतलं.

रॉकवाल्यांनी नशा केली, त्यात मेले, हे खरं आहे. ते मी झाकणार नाही. पण चिलीम ओढणाऱ्या बुवाच्या पाया पडताना तुमची पाठ मोडत नाही. आणि हा जिल्हा कागदावर कोरडा, मिरवणुकीत ओला. त्याबद्दल कुणाला शपथ दिलीत?

ज्या संगीताला तुम्ही धर्माचा शत्रू म्हणता, ते प्रार्थनेच्या पोटातूनच निघालंय. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवायची. पुढे रॉकवाल्यांनी तिच्याकडून उचललं. १९३८ साली ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली, तेव्हा चर्चमधल्याच लोकांनी तोंड फिरवलं. रॉकचा गायक लिटल रिचर्ड तर ऐन भरात असताना, १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर, हे देवाला मान्य नाही म्हणून गाणं सोडून बसला; धर्मशास्त्र शिकायला गेला; पाच वर्षांनी परत रॉककडे आला; आणि पुढेही उभं आयुष्य इकडून तिकडे. दुसरा रॉकवाला, जेरी ली लुईस, त्याच वर्षी स्टुडिओत रेकॉर्डिंग थांबवून मालकाशी हुज्जत घालत होता की आपण वाजवतो ते सैतानाचं आहे. ते भांडण टेपवर आहे. त्याचा मावसभाऊ की चुलतभाऊ म्हणा, जिमी स्वॅगर्ट, मोठा प्रवचनकार, रॉकला शिव्या घालण्यात अव्वल. १९८८ साली तोच प्रवचनकार वेश्येच्या प्रकरणात सापडला आणि टीव्हीवर ढसाढसा रडला. मी हसत नाहीये. या तिघांकडे पाहा, श्रद्धा कुणाचीच खोटी नव्हती. श्रद्धेत शरम कालवली की माणूस आतून कसा चिरतो, ते दिसतं. लिटल रिचर्डसारखा माणूस मरेपर्यंत देव आणि गाणं यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिला, कारण कुणीतरी त्याला लहानपणी सांगितलं होतं की दोन्ही एका घरात राहत नाहीत.

फार लांब वाटत असेल तर गोव्यात या. १७३६ साली इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या फर्मानानं ख्रिस्ती झालेल्या बायकांना लग्नात ओव्या म्हणायला मनाई केली. त्यांच्याही मते जुनी चाल कानावर पडली की जुना देव डोकं वर काढणार. इन्क्विझिशन गेलं. लग्नाआधी रोसच्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावताना गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत गाणी आजही होतात.

आपल्या पोराचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मला आहे, कारण तो गणित विचारायला येतो. शपथ घेऊन चौथ्या दिवशी त्यानं गाणी परत भरली. आता चादरीत तोंड घालून ऐकतो. आई विचारते तेव्हा अभ्यासाचं ऐकतो म्हणून सांगतो. माळ त्यानं दप्तरात ठेवलीय, गळ्यात घालत नाही, कारण त्याच माळेवर खोटं बोललो असं त्याला वाटतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला यायचा, तोही थांबलाय. रॉकनं त्याला देवापासून तोडलं नव्हतं रे. तीन वर्षं तो ते ऐकत होता आणि तीन वर्षं भजनालाही येत होता. तुम्ही त्याला निवडायला लावलंत. अकरा व्रतं रोज म्हणता, त्यात अभय आहे, ते काय फक्त यमकासाठी?

आवाजाचं कारण पुढे करू नका. हेडफोनमधलं गाणं कुणाच्या कानात जात नाही. तुमच्या गणपतीत डीजेची भिंत दवाखान्याच्या रस्त्यानं गेली, तेव्हा त्यापुढे नाचणाऱ्यांत तुम्ही तिघं होता, मी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयापुढे २००० साली चेन्नईच्या एका चर्चचं प्रकरण आलं होतं, ढोल, गिटार, भोंगे, सगळं. न्यायालयानं कुठलं वाद्य पवित्र हे नाही ठरवलं. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही, एवढं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये भोंग्याबद्दल तेच म्हटलं. तो नियम तुम्हाला लागू करा, मग पोराकडे वळा.

पोरगं उद्धट बोललं तुम्हाला, हे मला कळलंय. "तुम्हाला काय कळतं" म्हणाला. त्याची कानउघाडणी मी वेगळी केलीय, आणि ती याहून गोड नव्हती.

आता काय करायचं ते ऐका. कपाटाची किल्ली आत्ता इथे ठेव. गिटारची एक तार तुमच्या हाताळण्यात तुटलीय, तिचे पैसे अध्यक्ष देईल, मंडळाच्या दानपेटीतून नाही, खिशातून. उद्या संध्याकाळी तिघंही त्याच्या घरी जा. भाषण करायचं नाही. त्याच्या आईसमोर सांगायचं की ती शपथ आम्ही घ्यायला लावली, ती आमच्याकडून मोडली. तुझ्या अंगावर तिचं ओझं नाही. मग त्याला म्हणा, तुझ्या आवडीचं एक गाणं लाव. पूर्ण ऐका, सात मिनिटांचं असलं तरी. मध्ये मोबाईल काढायचा नाही, एकमेकांकडे बघून हसायचं नाही. नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, त्यात पाप नाही. मलाही त्यातली बरीच आवडत नाहीत, डोकं उठतं. पाप म्हणायचं असेल तर मात्र परत माझ्याकडे या आणि कुठल्या ओळीत, कुठल्या सुरात पाप आहे ते वहीत लिहून आणा. तोंडी चालणार नाही.

चहा घ्या आता. साखर कमी आहे.