हे दान नव्हे, ऋण होय

अशोक कामटे ह्यांची ओळख सोलापूरकरांस करून द्यावी लागत नाही. येथील पोलीस आयुक्तपद सांभाळून ते मुंबईस गेले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांच्या गोळ्यांनी पडले. १९५९ साली लडाखात पडलेल्या दहा पोलिसांच्या स्मरणार्थ दर वर्षी २१ ऑक्टोबरला अशा सर्वांस मानवंदना देण्यात येते. परंतु बिगूल थांबल्यावर, पडलेल्या शिपायाच्या लेकराची कॉलेजची फी कोणी भरावी, हा प्रश्न उरतोच.

कित्येक म्हणतात, त्याने पगार घेतला, फिटले. आम्हांस हे पटत नाही. पगार हा दिवसाच्या कामाचा मोबदला होय. प्राणाचे मोल त्यात धरलेले नसते. शिवाय चाकरी पत्करली ती बापाने, आणि छत्र गमावले ते मुलाने. म्हणून त्याचे शिक्षण हे आपण सर्वांनी फेडावयाचे ऋण आहे.

सरकारने हे काही अंशी ओळखले. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २०१९ साली राज्यांच्या पोलिसांच्या मुलांसही लागू झाली. वर्षास ५०० जागा, मुलास दरमहा २,५०० व मुलीस ३,००० रुपये असे ठरले. पण बाप दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यात पडलेला असावा, अशी अट आहे. रात्री नाक्यावर उभा असता मालमोटारीखाली सापडलेला शिपाई तीत बसत नाही. त्याच्या घरी अनुकंपेची नोकरी येऊ शकते खरी. पण मुलाने पुस्तक मिटून बापाची जागा धरावी, एवढाच मार्ग असावा काय? मरणाचा प्रकार पाहून ऋण कमीअधिक होत नाही.

दावीद राजाकडे पाहा. योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडला. त्याचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनी अधू होऊन दूरच्या गावी राहिला होता. तो अर्ज घेऊन आला नाही. राजानेच विचारपूस करून त्यास आणविले, आजोबाची जमीन परत दिली व आपल्या पंक्तीस बसविले. धनकोचे घर ऋणकोने शोधावे, हा ह्यातील बोध होय.

विडी वळणाऱ्या विधवेचे लेकरूही देवाचेच आहे. त्यास विसरावे असे आम्ही म्हणत नाही. दया सर्वांवर करावी, पण ऋणास दयेचे नाव देऊ नये.

तर पाळकांनी व पंचांनी आपापल्या गावी असे घर आहे काय, हे पाहावे. कोणी जाणत्याने त्या आईबरोबर कचेरीत जावे. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत पहिली फी सुगीच्या सणाच्या अर्पणातून भरावी. ते घर कोणत्या धर्माचे, हे विचारू नये. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या त्या शिपायानेही आपला धर्म विचारला नव्हता.