फुकटचा कागद

वह्या मिटा. आज अर्थशास्त्राचा तास होणार नाही. मागच्या बाकावरच्यांनी पुढे येऊन बसा, मला ओरडून बोलायचं नाहीये. ज्यांना रात्रपाळीला कारखान्यावर जायचंय त्यांनी नऊला उठून जावं, मी अडवणार नाही. तोवर मध्ये कुणी बोलायचं नाही.

जिन्याजवळच्या फलकावर मी एक कागद लावला होता. 21 दिवस तो तिथं होता. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून परदेशात जाऊन काम करता येतं, प्रवासाचा खर्च, तिथं राहण्याजेवण्यापुरता महिन्याचा भत्ता आणि विमा तेच देतात, आणि अर्जाला एक पैसा लागत नाही, हे वयोगटांसकट त्यावर मराठीत लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ज्याला इच्छा असेल त्यानं संगणक कक्षात बसून आपली माहिती भरावी आणि मला दाखवावी, असं खाली होतं. काल ती मुदत संपली. या वर्गात 64 जण आहेत. माझ्याकडे एकही आला नाही.

तेही मी गिळलं असतं. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात उभं राहून, रिक्षा चालवून, चार घरची कामं करून तुम्ही इथं येता, हे मला दिसतं. विसरला असाल, म्हटलं. पण परवा मला दुसरंच कळलं. याच वर्गातल्या दोघांनी ‘परदेशात व्हॉलंटियर म्हणून पाठवतो’ म्हणणाऱ्या एका माणसाला प्रत्येकी 25,000 रुपये दिले. पावती नाही, करार नाही, संस्थेचं नाव माहीत नाही. कुठल्या देशात, असं मी विचारलं तर उत्तर काय मिळालं? ‘युरोपकडं.’

उभा राहू नकोस. बसूनच ऐक.

त्यातल्या एकाचे पैसे त्याच्या आईनं बचत गटातून उचलून दिलेत. ती माउली विड्या वळते. हजार विड्या वळायला किती तास मान खाली घालून बसावं लागतं, हे तुला पुस्तकातून शिकायचं नव्हतं, तुझ्या घरातच दिसत होतं. त्या तासांची पावतीसुद्धा तुला मागावीशी वाटली नाही? मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी पोरं तुम्ही. 25,000 देताना एक प्रश्न विचारला नाही!

मी दोन रात्री यावर विचार केला. फुकटचा कागद 21 दिवस डोळ्यांसमोर असताना तुम्ही पैसे मागणाऱ्याकडे का गेलात? मला एकच कारण दिसतं. त्या माणसानं पैसे मागितले आणि बाकी काहीच मागितलं नाही. माझ्या कागदानं पैसे मागितले नाहीत, पण मेहनत मागितली. इंग्रजी नीट करा, कागदपत्रं जमवा, आजवर काय काम केलंत ते आठवून तारखांसकट लिहा, नाकारलं तर पुन्हा भरा. उसने पैसे देणं तुम्हाला त्यापेक्षा सोपं वाटलं. मला राग त्याचा आहे.

‘मॅडम, आमच्यासारख्यांना कोण नेणार?’ हे वाक्य मी या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की आता ते माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नका. तुमच्यातले निम्मे रोज भैय्या चौकातून येता. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. आत किती जण गेलात? हात वर करा. तीन. सोलापुरात जन्मून, सोलापुरात वाढून, तीन.

मग ऐका. 1938 साली चीनवर जपानचा हल्ला चालू होता, आणि इथून 5 डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं. अटल अलाहाबादचे, चोळकर नागपूरचे, बसू आणि मुखर्जी कलकत्त्याचे, आणि कोटणीस या गावचे. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. त्यांना पाठवायला सरकार नव्हतं, कुठली शिष्यवृत्ती नव्हती. काँग्रेसनं आवाहन केलं, सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते, आणि लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे पैसा दुसऱ्यांचाच होता. दुसऱ्याच्या पैशानं सेवेला जाण्यात कमीपणा नाही, हे या गावाला 1938 मध्ये ठाऊक होतं. पण ती वर्गणी ज्याच्यावर खर्च झाली त्या माणसाच्या हातात शस्त्रक्रियेचं कौशल्य होतं, आणि तिथं पोचल्यावर तो चिनी भाषा शिकला. इतकी शिकला की तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागला, पुढे कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला. बाकीचे परत आले, हा राहिला. 1942 च्या डिसेंबरात, अवघ्या 32 व्या वर्षी तिथंच गेला. तुम्ही जीव द्या असं मी म्हणत नाही, तसा अर्थ कुणी काढू नका. पण तो परक्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवत होता, आणि तुम्हाला 4 वर्षांत इंग्रजीतून स्वतःची ओळख करून देणारी 10 वाक्यं लिहिता येत नाहीत, याची लाज वाटू द्या. या कार्यक्रमात इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एक भाषा कामापुरती यावी लागते. तुमच्याकडे त्यातली एक निम्मी आहे. उरलेली निम्मी करायला कोणी अडवलंय?

आता ताई, तुमच्याकडे येते. तुम्ही माझ्याहून 2 वर्षांनी मोठ्या आहात, म्हणून तुम्हाला बोलायला मी कचरत होते. आज कचरणार नाही. ‘माझं वय झालं, हे पोरांसाठी आहे,’ असं तुम्ही जिन्यात म्हणालात. तो कागद वाचला होतात का? 18 ते 26 हा तरुणांचा एक गट आहे, बरोबर. पण 27 च्या पुढच्यांसाठी वेगळ्या जागा असतात, आणि 35 च्या पुढच्या, दीर्घ अनुभवाच्या माणसांसाठी आणखी वेगळ्या. तिथं वय आड येत नाही आणि अनुभव तर लागतोच. तुम्ही ते वाचलंच नाहीत. वय झालं, हा निकाल तुम्ही स्वतःच देऊन टाकलात.

विक्रोळी ठाऊक आहे ना? 1966 साली अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संघटनेतून एक बाई तिथं कामाला आल्या. लिलियन कार्टर. वय 68. शिकलेल्या परिचारिका होत्या, नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली. त्यांचा मुलगा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, पण तेव्हा त्याला त्याच्या राज्याबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. जवळजवळ 2 वर्षं त्या गोदरेजच्या वसाहतीत राहिल्या, दवाखान्यात राबल्या, कुष्ठरोग्यांची सेवा केली. एक बाई 68 व्या वर्षी परदेशातून आपल्या महाराष्ट्रात सेवेला येते, आणि तुम्ही 41 व्या वर्षी म्हणता वय झालं!

आणि तुम्ही कोण आहात, ताई? तुम्ही आशा कार्यकर्त्या आहात. 12 वर्षं. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत तुम्ही घरोघर जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे पाहिलेत. बाळंतिणींना रात्री 2 वाजता रिक्षात घालून नेलंत. लस नको म्हणणाऱ्या सासूला समजावलंत. या सगळ्याची एका ओळीचीही नोंद तुम्ही कुठं ठेवली नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, ‘त्यात काय लिहायचं, ते आपलं रोजचंच काम.’ ताई, पदवी अजून हातात नाही, हे मला कळतं. बऱ्याच जागांना ती किंवा तांत्रिक पदविका लागते. ती पुढच्या वर्षी होईल, मी ती होऊ दिल्याशिवाय राहणार नाही. पण ही 12 वर्षं कागदावर आणायला पदवी कशाला हवी होती?

हे सगळ्यांनाच लागू आहे. काय नाही ते तुम्हाला पाठ आहे. पैसा नाही, ओळख नाही, इंग्रजी नाही, वडील नाहीत, वेळ नाही. काय आहे ते विचारलं की गप्प बसता. तू यंत्रमाग बिघडला तर मिस्त्रीशिवाय चालू करतोस. तू दोन भाषा घरात बोलतोस, तेलुगू आणि मराठी, आणि तिसरी गल्लीत. ती तिकडे बसलेली मुलगी 30 बायकांच्या बचत गटाचा हिशेब ठेवते आणि आजवर त्यात चूक निघालेली नाही. हे सगळं तुम्ही वाऱ्यावर सोडलंय.

राष्ट्रीय सेवा योजनेचं बोलू का? दोन वर्षांत 240 तासांची सेवा भरायची असते. काहींनी ती कशी भरली, मी पाहिलंय. आधीच खणलेल्या खड्ड्यात एकच रोप पाळीपाळीनं धरून 11 जणांनी फोटो काढले, आणि घरी गेले. प्रमाणपत्र मिळालं. उद्या कुणी परदेशातून विचारलं की त्या 240 तासांत तुम्ही काय केलंत, तर काय सांगाल? तो फोटो दाखवाल?

आणि तू. तुझ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलते. गेल्या वर्षी तुझं याच कार्यक्रमाच्या ऑनलाइन स्वयंसेवेसाठी नाव लागलं होतं. घर न सोडता करायचं काम, आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, फार तर 12 आठवडे. 18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही अर्ज करता येतो, आणि परदेशी कामाची सवय लावून घ्यायला याच्याइतकी चांगली पायरी दुसरी नाही. एका संस्थेनं तुला माहितीपत्रकं भाषांतराला दिली. तिसऱ्या आठवड्यात तू काम सोडलंस, आणि कळवलं नाहीस. त्यांनी 4 ईमेल पाठवले. एकालाही उत्तर नाही. घरात अडचण आली होती, हे मला नंतर कळलं. अडचण येते. दोन ओळी लिहायला काय झालं होतं? पगार मिळत नाही म्हणून शब्दाची किंमत कमी होते का रे? कारखान्यात मालकाला न सांगता दांडी मारली असतीस का?

आता तुमच्या बाजूचं बोलते, नाहीतर म्हणाल मॅडमना आमची परिस्थिती कळत नाही. कळते. परदेशात मिळणारा भत्ता जाणाऱ्याच्या स्वतःच्या राहण्याखाण्यापुरता असतो, तो पगार नाही. त्यातून घरी पैसे पाठवून संसार चालेल, असं कुणी समजू नये. ज्याच्या कमाईवर पाच माणसं जेवतात त्याला वर्षभर जाणं आज परवडणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. जागा थोड्या, अर्ज जगभरातून. पहिल्याच अर्जाला निवड होईल, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तुमच्यापैकी एकानं तरी येऊन मला कागद दाखवला का, की मॅडम, घरखर्च एवढा, माझा वाटा एवढा, म्हणून यंदा जमत नाही, तीन वर्षांनी जमेल? तसा कागद आणला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. तुम्ही हिशेब न मांडताच उत्तर लिहून मोकळे झालात.

एकानं मला विचारलं, तिकडं गेल्यावर तिथंच राहता येईल का. स्वच्छ विचारलंस, म्हणून स्वच्छ सांगते. नोकरी हवी असेल तर नोकरी म्हण आणि त्या वाटेनं जा, ती वाट वाईट नाही. सेवेच्या नावानं आत शिरायचं आणि मग नाहीसं व्हायचं, हे माझ्या शिफारसपत्रावर होणार नाही. आणि ‘बिचाऱ्या’ लोकांना मदत करायला जातोय, असाही डौल नको. आपल्या वस्तीत कुणी येऊन वह्या वाटतं, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढतं आणि गाडीत बसून निघून जातं, तेव्हा तुमच्या पोटात काय होतं ते आठवा. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणूनच तुम्ही जायला हवं, असं मला वाटतं.

आता कामाचं. 64 जणांत पासपोर्ट आहे फक्त 5 जणांकडे. साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये, आणि केंद्र सोलापुरातच आहे, पुण्याला जावं लागत नाही. दहावीचं प्रमाणपत्र सोबत जोडा, ते विसरू नका. आणि बायकांनो, मुख्य अडचण तुमचीच येणार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, आणि कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी. स्पेलिंगही दर ठिकाणी वेगळं. हे निस्तरायला महिने लागतात. जाहिरात निघाल्यावर सुरुवात केली तर तुमची पात्रता असूनही तुम्ही बाहेर राहाल, आणि मग म्हणाल नशीब. ते नशीब आजच दुरुस्त करता येतं.

त्या दोघांनी उद्या सकाळी 10 ला माझ्यासोबत पोलीस ठाण्यात यायचं. त्या माणसाचे मेसेज, फोन नंबर, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, काहीही पुसायचं नाही. बदनामी होईल म्हणून घाबरू नका, मी शेजारी बसेन. आईला मात्र आज रात्रीच सांग. माझ्याकडून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

ज्यानं ऑनलाइन काम सोडलं, त्यानं घरी जायच्या आधी संगणक कक्षात जाऊन त्या संस्थेला माफीचा ईमेल लिहायचा. इंग्रजी चुकलं तरी चालेल. मी दुरुस्त करणार नाही.

बाकीच्यांनी सोमवारी एक कोरा कागद आणायचा. डावीकडे वर्ष, उजवीकडे त्या वर्षी केलेलं काम. मजुरी मिळाली असो वा नसो. ताई, तुम्ही 12 ओळी आणायच्या, एकही कमी नको. आणि मंगळवारी दुपारी लग्नाच्या नोंदणीचा दाखला घेऊन या. सापडत नसेल तर आपण दोघी महापालिकेत जाऊ. मी साडेतीनला फाटकाशी उभी असेन.

नऊ वाजले. पाळीवाल्यांनो, निघा.