बेंदराचा बैल

आमच्या सातारा-सांगलीकडे पोळा नाही, बेंदूर आहे. आणि ज्यांच्या दावणीला चार पिढ्यांत बैल बांधला गेला नाही अशा पेठेतल्या घरांतही, आषाढातल्या त्या दिवशी कुंभाराकडून मातीच्या बैलांची जोडी आणून, तिला पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवण्याची वहिवाट अद्याप मोडलेली नाही. गणपतीच्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठा असते आणि विसर्जन असते, म्हणजे मातीत देव केव्हा आला आणि केव्हा गेला याची रीतसर नोंद राहते. बेंदराच्या बैलाचे तसे काही नाही. सकाळी तो देव असतो. दुपारी जेवणे उरकून वडील मंडळी लवंडली, की घरातले मूल हलकेच पाटाजवळ जाते, बैलाच्या गळ्यात दोरा अडकवते आणि त्याला ओढीत ओसरीवर नेते. कोणत्या क्षणी, कोणाच्या हुकमाने तो देवपणातून मोकळा झाला, हे कोणी उपाध्यायांना विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२०१९ सालच्या बेंदराला माझी मुलगी सहा वर्षांची होती. अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवरच्या आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. त्यांतल्या मधल्या पायरीवरून तिचा डावा बैल घसरला आणि त्याचे एक शिंग मुळापासून गेले. माझी आई आवाजाने उठली. खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य, हा तिचा लहानपणापासूनचा कायदा. त्यामुळे तिची फिर्याद मुलीवर नसून माझ्यावर होती. "देवाचा बैल तो! पोरीला हातात द्यायचं खेळणं वाटलं का तुला?" मी खुलासा शोधत होतो, तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत हळद आणि तेल कालवून घेऊन आली. आदल्या दिवशी कऱ्हाडाजवळच्या आमच्या चुलत्यांकडे तिने खांदेमळणी पाहिली होती. जू ओढून घट्टे पडलेल्या खऱ्या बैलाच्या खांद्याला हळद चोळताना तिने डोळ्यांनी बघितले होते. तिने त्या मोडलेल्या जागी हळद लावली, वर माझ्या जुन्या धोतराची चिंधी बांधली, आणि रात्री दोनदा उठून चिंधी ओली तर झाली नाही ना, हे चाचपून पाहिले. मूर्ती आणि खेळणे यांची हद्द कोठे आखावी, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात शिरला आणि पुढे तो वेदान्तात जाऊन अडकला, त्याची ही हकीकत आहे.

आईबाप खेळणे विकत घेताना जे पाहतात, ते प्रयोजन. खोक्यावर ते छापलेलेच असते: अमुक वयासाठी, अमुक शक्तीच्या विकासासाठी. पुस्तकांचेही तेच. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले, त्याच्याही आधीपासून मराठी मुलाच्या गोष्टीवर तात्पर्याचा कर बसलेला आहे, आणि तो वसूल करण्याचे काम आम्ही पालक बिनपगारी करीत आलो आहोत. मीही त्याच कारकुनांपैकी एक. त्या बेंदराच्या वर्षीच्याच उन्हाळ्यात मी मुलीला पाचगणीजवळच्या भिलारला नेले होते. ४ मे २०१७ पासून हे गाव पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. लोकांच्या राहत्या घरांतून पुस्तकांची कपाटे मांडलेली आहेत आणि वाटसरूने कोणत्याही घरात शिरून वाचीत बसावे, अशी मुभा आहे. थोर पुरुषांच्या बालपणाचे एक सुरेख पुस्तक मी निवडून तिच्या हाती दिले. तिने ते उघडले खरे, पण उघडून पालथे घातले, म्हणजे त्याचे छप्पर झाले. मग भोवती आणखी पुस्तके उभी लावून तिने प्रतापगड बांधायला घेतला. माझा चेहरा पाहून घरधनी म्हणाले, "असू द्या हो, बुरुजाला कमी पडतील," आणि शेल्फावरची आणखी चार पुस्तके काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

त्या गृहस्थांनी नकळत ब्रह्मसूत्रकार बादरायणाचा पक्ष घेतला होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्षी एक अडचण उभी करतो. शहाणा मनुष्य प्रयोजनावाचून हातपाय हलवीत नाही; ईश्वर तर नित्यतृप्त, त्याला काही मिळवायचे उरलेले नाही; मग त्याने हे जग निर्माण केले तरी कशासाठी? प्रयोजन आहे म्हणावे तर ईश्वर अपुरा ठरतो, नाही म्हणावे तर वेडा ठरतो. सूत्रकाराचे उत्तर लहान आहे: लोकांत दिसते तशी ही केवळ लीला आहे. भाष्यकार शंकराचार्यांनी यावर दोन दृष्टान्त दिले. एक, सर्व इच्छा पुरलेल्या राजाचा किंवा त्याच्या अमात्याचा, जो काही मिळवण्यासाठी नव्हे तर सहज क्रीडेत रमतो. दुसरा श्वासोच्छ्वासाचा, जो कोणत्याही हेतूवाचून स्वभावतःच चालतो. वाईला कृष्णेच्या काठी नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत ज्यांनी अशा अधिकरणांचा कीस पाडला, त्या शास्त्र्यांपुढे माझ्यासारख्याने तोंड उघडणे हा आगाऊपणाच. पण एक शंका मला आवरत नाही. लीलेचा दृष्टान्त शोधताना आचार्यांना राजा आठवला, श्वास आठवला. मूल कसे आठवले नाही? परंपरा सांगते की ते स्वतः आठव्या वर्षी घर सोडून संन्यासाच्या वाटेला लागले. ज्याचे स्वतःचे खेळण्याचे वय असे संपले आणि ज्याच्या ओसरीवर पुढे कोणी बैल ओढला नाही, त्याला क्रीडा म्हटल्यावर राजाचे उपवन दिसावे, हे स्वाभाविक आहे.

परंतु या निवडीने फार मोठा फरक पडतो. राजाच्या क्रीडेत प्रयोजन नाही, तशी कळकळही नाही. सोंगटी मेली तर दुसरा डाव मांडायचा. बैलाचे शिंग मोडल्यावर हळद कालवणाऱ्या मुलीच्या खेळातही प्रयोजन नव्हते. तिला त्यातून काही मिळवायचे नव्हते, कोणती शक्ती विकसित करायची नव्हती. तरी त्या खेळात ती जीव ओतून बसली होती. निष्प्रयोजन असणे आणि निर्विकार असणे या दोन गोष्टी राजाच्या दृष्टान्तात एकमेकींना चिकटून येतात, आणि मुलाच्या खेळात त्या सुट्या होतात. लीलावादाची जी निंदा झाली, की देव मौज म्हणून माणसे मारतो, ती निंदा राजाला लागू पडते. मुलाला ती कशी लागू करावी, हे मला समजत नाही. मूल खेळणी मोडत नाही, असे मी म्हणत नाही. माझ्या घरातली मोजदाद त्याविरुद्ध साक्ष देईल. पण मोडल्यावर मांडी घालून त्याच्याजवळ बसणारेही तेच असते.

लीलेचे दुसरे एक प्रसिद्ध चित्र आहे, ते सूत्रधाराचे. आणि त्याचे घर तर आमच्या सांगलीतच. १८४३ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते सर्वश्रुत आहे. याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही घडवल्या, आणि त्या दीडशे वर्षांनंतर रामदास पाध्यांच्या हाती पुन्हा नाचल्या, ही गोष्ट त्या मानाने कमी ठाऊक असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो, असे म्हटले आहे. तेव्हापासून दोरीच्या बाहुल्या आमच्या तत्त्वज्ञानाच्या पदरी चाकरीला आहेत. मला मात्र हे चित्र पटत नाही. सूत्रधार पडद्यामागे असतो, आणि आपला हात दिसू नये, यातच त्याचे कौशल्य. मूल आपला हात लपवीत नाही. बैलाला ओढणारेही तेच, हंबरणारेही तेच. बाहुल्यांच्या खेळाला प्रेक्षक लागतात. मूल एकटे असले की त्याचा खेळ अधिकच रंगतो, आणि आपण दाराशी उभे राहून पाहू लागलो की तो विस्कटतो.

नामदेवाची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याचे मूळ गाव मराठवाड्यातले नरसी की आमच्या कऱ्हाडाजवळचे, हा वाद अभ्यासकांत जुना आहे. तो तसाच चालू राहावा, आमच्याकडच्या माणसांना तेवढाच अभिमान. घरच्यांनी नैवेद्य घेऊन देवळात धाडले, तर हा मुलगा मूर्तीपुढे बसून राहिला, आणि देव खात नाही म्हणताच डोके आपटून घ्यायला निघाला. तेव्हा विठ्ठलाला जेवावे लागले. ही कथा मुलांच्या पुस्तकांत भक्तीचा दाखला म्हणून छापतात, आणि आम्ही ती त्याच सुरात वाचून दाखवतो. मुलीला वाचून दाखवली तेव्हा तिला त्यात चमत्कार असा काही दिसला नाही. ती म्हणाली, "मग? भरवल्यावर खाणारच की." तिचा बैल रोजच खात होता. नैवेद्य 'दाखवून' परत आणायचा असतो, हे प्रौढ माणसाचे ज्ञान नामदेवाजवळ नव्हते. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थांनी देव चार प्रकारचे सांगितले आहेत. पहिला नाना प्रतिमांचा, दुसरा अवतारांचा, तिसरा अंतरात्मा, आणि चौथा निर्विकार. सज्जनगडाच्या पायऱ्यांप्रमाणे एकेक सोडीत वर जायचे. खेळणे यांपैकी कोणत्या पायरीवर बसवावे? पहिलीच्याही खाली, असे पूर्वी मी बेलाशक सांगितले असते.

आता त्या जोडीचे पुढे काय झाले ते सांगतो. बेंदरानंतर आम्ही काही दिवस सांगलीला, गावभागात, मुलीच्या आजोळी गेलो होतो. दोन्ही बैल बरोबर होते. परतताना मुलीने धडधाकट बैल आजीच्या कोनाड्यात ठेवला आणि शिंग मोडलेला परत आणला. कारण विचारता म्हणाली की आजारी माणसाजवळ कोणीतरी असावे लागते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढू लागली. महाबळेश्वरापासून कोयनेपर्यंत आमच्या जिल्ह्यावर पडलेला सारा पाऊस सांगलीच्या दारी गेला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सासूसासरे आधीच आमच्याकडे आले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही घर उघडले, तेव्हा पुस्तकांचे कपाट आतून फुगून बंद झालेले होते. पहारेने दार काढले तो पाने एकमेकांत मिसळून त्यांची वीट झालेली. मुलीची चित्रांची पुस्तकेही त्याच विटेत. कोनाड्यात बैल नव्हता, वीतभर गाळ होता. आणि त्यात बैलाची माती कोणती व कृष्णेची कोणती, हे सांगायला कोणीच समर्थ नव्हते.

छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे पदार्थ जाणले जातात. घट काय, शराव काय, ती नुसती नावे, खरी ती माती. माझ्या हातात तो गाळ होता, समोर मुलगी होती, आणि जिभेवर उद्दालक होता. बोलवेना. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही अध्ययन करून चोविसाव्या वर्षी, विद्येचा ताठा घेऊन घरी आला होता. त्याच्या बापाचे काम सोपे होते. शेजारच्या घरातून गाळ उपसताना कोणीतरी, देवाची लीला, असे म्हणाले, आणि माझे सासरे, ज्यांनी जन्मभर भाष्य वाचले, ते घमेले खाली ठेवून काही वेळ गप्प उभे राहिले. सृष्टीतली विषमता आणि दुःख पाहता ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, या पुढच्याच आक्षेपाला आचार्यांनी दिलेले उत्तर त्यांना तोंडपाठ होते: ईश्वर पर्जन्यासारखा आहे, पाऊस सर्व बीजांवर सारखाच पडतो, उगवते ते ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. भर पुरात तो दृष्टान्त मनाला कसा लागत असेल, हे मी त्यांना विचारले नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "एकट्यालाच ठेवला मी त्याला."

पुढच्या आषाढात महामारीमुळे बाजार बंद होता. कुंभारीण टोपलीत बैल घेऊन स्वतःच दारावर आली. आईने नवी जोडी पाटावर मांडली. मुलगी आत जाऊन चिंधी बांधलेला जुना बैल घेऊन आली आणि तिने तो त्या जोडीच्या शेजारी ठेवला.

"तो नको गं," आई म्हणाली. "खंडित मूर्ती पूजेला चालत नाही."

"मूर्ती कुठंय आजी? बैल आहे तो."

आईने हातातले कुंकवाचे करंडे खाली ठेवले. तिने चिंधी सोडून पाहिली. हळद वाळून त्या जागी घट्ट बसली होती. मग तिने समई थोडी डावीकडे सरकवली, तिसऱ्याला जागा केली, आणि त्याच्या मोडलेल्या शिंगाच्या बाजूला कुंकू न लावता दुसऱ्या बाजूला लावले, कारण तिकडे अजून दुखत असेल, असे मुलीने तिला बजावले होते.