थांबवणारा हात

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह बळावलेल्या रुग्णासाठी जे व्यायाम सांगितले आहेत, त्यांत चालणे आणि घोड्यावर बसणे यांच्या जोडीला ‘नियुद्ध’ हाही शब्द येतो. नियुद्ध म्हणजे बिनहत्यारी झुंज. त्याच अध्यायात प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत, एक जन्माबरोबर आलेला आणि दुसरा अपथ्यातून ओढवलेला; पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल, आणि दोघांचे उपचारही वेगळे. आजच्या टाइप वन आणि टाइप टू मधुमेहाचे हे हुबेहूब वर्णन आहे असा दावा करणे उतावीळपणाचे होईल. पण मधुमेही शरीर आणि झुंज यांचे वैर मूळचेच आहे, असे मात्र या ग्रंथाच्या आधाराने म्हणता येत नाही. १९२२ साली टोरोंटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी टाइप वन झालेले मूल रिंगणात उतरण्याच्या वयापर्यंत जगणेच दुरापास्त होते. म्हणजे त्याने लढावे की नाही हा प्रश्नच मुळी इन्सुलिनने जन्माला घातला. ब्रिटनमध्ये रॉचडेलच्या मोहम्मद अली या टाइप वन असलेल्या मुष्टियोद्ध्याला व्यावसायिक परवाना आधी नाकारला गेला. तो मिळायला २०१८ साल उजाडले. त्या निमित्ताने विचारण्यासारखा प्रश्न असा, की ज्या देहाचा तोल रोज हाताने सांभाळावा लागतो, तो देह आपणहून ठोशांपुढे उभा करण्याचा हक्क माणसाला आहे का?

‘देह माझा, निर्णय माझा’ हे उत्तर सर्वांत आधी सुचते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त हाच विचार मांडला, की दुसऱ्याला अपाय होत नसेल तर केवळ माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करू नये. या उत्तरात दम आहे. बॉक्सिंग ठणठणीत माणसालाही सोडत नाही. प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडणे हा तिथे नियमांत बसणारा विजय आहे. मेंदूला बसणारा मार ज्यांनी मान्य केला, त्यांनी साखरेचे कारण पुढे करून एकालाच दाराबाहेर ठेवावे, यात न्यायापेक्षा सवय जास्त दिसते. तरीही हे उत्तर अपुरे आहे. निर्णय माझा म्हणताना निर्णय घेणारा ‘मी’ शुद्धीवर आहे, हे गृहीत धरलेले असते. आणि साखर फार उतरली की नेमका तोच डगमगतो.

निरोगी माणूस मेहनत करू लागला की त्याचे शरीर इन्सुलिनचा पुरवठा आपोआप कमी करते. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. ते आपले काम करतच राहते. उलट झुंजीच्या आवेगात उसळणारे अॅड्रेनलिन साखर वरही नेते, आणि काही तासांनी, कधी मध्यरात्री, ती घसरते. प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली सावध व्हायचे असते. ५४ च्या खाली विचारशक्तीवरच परिणाम होऊ लागतो. माणूस भांबावतो, जीभ जड होते, पाय अडखळतात. डोक्याला मार लागलेल्या योद्ध्याची लक्षणेही हीच. त्यामुळे पंचाला बाहेरून फरक कळणे कठीण आणि योद्ध्याला आतून कळणे त्याहून कठीण. अशा क्षणी ‘मी ठीक आहे’ या शब्दांना साक्षीचे मोल उरत नाही. म्हणून मला वाटते, लढण्याचा हक्क आहे, पण तो एका अटीवर टिकतो: थांबवण्याचा अधिकार योद्ध्याने शुद्धीवर असतानाच दुसऱ्याच्या हाती दिलेला असावा, आणि ऐन झुंजीत तो परत मागता येऊ नये.

यावर कोणी म्हणेल, की निर्णय दुसऱ्याकडे सोपवल्यावर स्वातंत्र्य उरले कुठे? पण शब्द देणारा माणूस उद्याच्या स्वतःला आजच बांधून घेतो आणि त्याने तो लहान होत नाही. तालमीत वस्तादाने ‘बस’ म्हटले की पठ्ठ्या थांबतो, तो गुलाम असतो म्हणून नव्हे. वस्तादाला आपल्यापेक्षा आपला दम नीट दिसतो हे त्याने आधीच मानलेले असते. दुसरा आक्षेप अधिक टोचरा आहे. प्रतिस्पर्ध्याने शुद्धीवरच्या माणसाशी लढायचे कबूल केले होते, भान हरपत चाललेल्याला ठोसे मारायचे नव्हे. इथे मिलची अटच मोडते, कारण अपाय आता दुसऱ्यालाही होतो, त्याच्या हातून नकळत पातक घडते. या आक्षेपाला बंदीपेक्षा उघडेपणा हे चांगले उत्तर आहे. आजार लपवू नये, लढतीआधी साखर मोजावी, पंच आणि वैद्य यांना ती ठाऊक असावी. इन्सुलिन उत्तेजकांच्या जागतिक यादीत निषिद्ध असल्याने ते वापरायला खेळाडूला उपचारासाठीची सवलत घ्यावीच लागते. म्हणजे कागदावर हा उघडेपणा अंशतः आधीच आहे.

तिसरा आक्षेप धर्माचा. गीतेचा सतरावा अध्याय दंभाने आणि हट्टाने देहाला छळणाऱ्या तपाला आसुरी ठरवतो; मग हे तेच नव्हे का? माझ्या मते हा बाण वेगळ्या जागी लागतो. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहून, पाणी तोडून, घाम गाळून किलो उतरवण्याची जी रीत झुंजीच्या खेळांत रुळली आहे, तिला हे वर्णन चपखल बसते. इन्सुलिन घेणाऱ्याला ही रीत विशेष घातक, कारण उपासात साखर कोसळू शकते आणि भीतीपोटी इन्सुलिन टाळले तर रक्त आम्लधर्मी होऊन जीवावर बेतते. त्याने ती नाकारावी आणि अंगच्या वजनाच्याच गटात लढावे. आहार, झोप, श्रम यांचे माप रोज राखणारा माणूस सहाव्या अध्यायातल्या युक्ताहाराच्या जवळ उभा असतो, आसुरी तपाच्या नव्हे.

इथे एक गोष्ट उलटी दिसू लागते. भान हरपण्याचा धोका मधुमेह्याचा एकट्याचा नाही. ठोसे खाणाऱ्या प्रत्येकाचा निर्णय फेरीगणिक कमी विश्वासार्ह होत जातो. मधुमेह्याच्या बाबतीत निदान एक आकडा असतो आणि तो पाहून कोणीतरी ‘आज नाही’ म्हणू शकते. धडधाकट योद्ध्यापाशी असा आकडाही नसतो. म्हणून थांबवणाऱ्या हाताची अट घालायचीच असेल, तर ती आजाऱ्यापाशी थांबवून चालणार नाही.