नुसता ‘स्ट्रेस’ की विषाद?

आजचं चिंतन : गीता, अध्याय १, श्लोक २९-३०.

गेल्या महिन्यात रोज रात्री तीनला जाग यायची, छाती आवळल्यासारखी. आईनं फोनवर विचारलं, तर म्हणालो, “काही नाही गं, थोडा स्ट्रेस आहे.” विषय संपला.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दही मुळात असे कोरडे नाहीत. ‘अँग्झायटी’ आणि ‘अँग्विश’च्या मुळाशी लॅटिनमधलं आवळणं, गळा दाबणं आहे; ‘ग्रीफ’च्या मुळाशी जडपणा. शरीराला जे होतं, तेच त्यात होतं. आपण मात्र त्यांचं लेबल करून टाकलं.

अर्जुन लेबल लावत नाही. तोंडाला कोरड पडली, अंग कापतंय, गांडीव हातातून निसटतंय, सगळं सांगतो. आणि भगवंत मध्ये बोलत नाहीत, आधी पूर्ण ऐकून घेतात. म्हणून तर हा अर्जुनविषादयोग! भगवंतापुढे उघडा केलेला विषादही योग होतो.

काल आईला पुन्हा फोन केला. या वेळी छातीपासून सुरुवात केली. तीही मध्ये बोलली नाही.

आज देवापुढे बसाल, तेव्हा नुसतं “टेन्शन आहे” म्हणू नका. कुठे आवळतंय, ते सांगा.