पुरस्काराला वीट द्यावी

सेवा करावी आणि तिचे मोल मागू नये, हे माळकऱ्याच्या घरी लहान पोरालाही सांगावे लागत नाही. दिंडीत थकल्याभागल्याचे पाय चेपणारा आपले नाव कुठे लिहून ठेवतो काय? पण चंद्रपूर-गडचिरोलीकडची कॉलेजात जाणारी पोरे आता विचारतात, "गावासाठी काम केले आणि युवा पुरस्काराला अर्ज केला, तर त्यात पाप आहे का?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

राज्याच्या 2012 च्या युवा धोरणातून जिल्हा युवा पुरस्कार निघाला. जिल्ह्यातील एक युवक, एक युवती आणि एक संस्था असे तीन मान. व्यक्तीला 10 हजार आणि संस्थेला 50 हजार रुपये अशी रक्कम त्यात ठरली. वय 13 ते 35. अर्जाला कामाचे पुरावे जोडायचे: वर्तमानपत्रांतील कात्रणे, फोटो, प्रशस्तिपत्रे. यात सरकारला दोष देण्याचे कारण नाही. कचेरी काही अंतर्यामी नव्हे. तिला कागदच लागणार.

आणि पोरांनाही दोष का द्यावा? ज्याच्या घरी दोन एकर धान आणि बाकी मोहफुलांचा आधार, त्याला नोकरीच्या अर्जात एक प्रशस्तिपत्र मोलाचे वाटते. शाल-श्रीफळाचा मोह काय फक्त पोरांनाच असतो? गीतेने तर अर्थार्थी भक्तालाही भक्तांतच गणले आहे. काही मागण्यासाठी का होईना, तो देवाच्या दारी आला. तसा काही मिळवण्यासाठी का होईना, हा गावाच्या कामाला लागला. त्याला हाकलून देणारे आपण कोण?

मग धोका कुठे आहे? धोका असा की, पुराव्यात जे दिसते तेवढेच काम वाटू लागते. नाल्यावर रेतीची पोती रचून बंधारा घातला, त्याचा फोटो निघतो. पुराने पोती वाहून गेल्यावर पुढल्या साली ती पुन्हा भरायला कोण येतो? वनहक्काच्या दाव्यासाठी एखाद्या निरक्षर म्हाताऱ्याला तीनदा तालुक्याला नेले, त्याच्यासोबत ओट्यावर दिवस काढला, तर त्याचे कात्रण कोण छापणार? आणि थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीला घोंगडी देताना "आजी, जरा इकडे बघा" म्हटले, की तिची पुराव्याची वस्तू झाली. आमच्या मते पाप म्हणायचे ते इथे आहे. मानाची इच्छा ही दुबळेपणाची गोष्ट. पण जिच्या ठायी पांडुरंग पाहायचा तिलाच साधन करणे, हा सेवेचा घात होय.

यावर कोणी म्हणेल, मग काही लिहूनच ठेवू नये की काय? तसे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत नवजात बाळांच्या घरच्या देखभालीचे काम उभे केले. गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. त्यांनी घरोघर जाऊन बाळांची वजने घेतली, श्वास मोजले, सारे नोंदवले. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे 1999 साली जगापुढे आले, ते त्या नोंदींच्या बळावर. त्या वहीत बाळाची खबर होती, लिहिणारीची थोरवी नव्हती. वही वाईट नाही. ती कोणासाठी लिहिली, हे पाहावे.

आपल्याकडे याचा निवाडा पुंडलिकाने केव्हाच करून ठेवला आहे. आईबापांची सेवा चालली असता दारी साक्षात देव आला. याहून मोठा पुरस्कार तो कोणता? पुंडलिकाने देवाला परत धाडले नाही, आणि हातातली सेवाही सोडली नाही. वीट पुढे केली आणि म्हणाला, जरा थांबा. मान दारी आला तर त्याला अशीच वीट द्यावी.

भामरागडच्या रानात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 ला सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना पद्मश्री 2002 साली मिळाली, आणि ते व डॉ. मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे 2008 साली. मधले पावसाळे मोजून पाहा. मानासाठी बसणारा माणूस इतके पावसाळे त्या रानात टिकता ना.

जिल्हा पुरस्काराच्या नियमांत एक अट आम्हांला फार आवडली. विजेत्याने पुढे निदान दोन वर्षे काम चालू ठेवण्याची हमी द्यावी लागते. सरकारलाही ठाऊक आहे की, मान मिळाला की पाय थबकतात! पण वारकऱ्याच्या हिशेबी दोन वर्षे म्हणजे काय हो? माळ घातली ती जन्माची, आणि वारी म्हणजे पुन्हा पुन्हा येणे.

तेव्हा पोरांनो, अर्ज खुशाल करा. कात्रणे लावा, पण म्हातारीचा फोटो तिला विचारल्यावाचून लावू नका. आणि मायबापहो, घरात गौरवपत्र आले तर कौतुक जरूर करा. मात्र तिसऱ्या वर्षी, हमीपत्राची मुदत सरल्यावर, लेकाला एवढेच विचारा: "बाबा रे, यंदा बंधाऱ्याची पोती भरायला कधी जायचे?"

राम कृष्ण हरि.